आधी गिऱ्हाईक की आधी वही? नाशिकच्या छोट्या धंदेवाल्यासाठी एक तुलना

मे महिन्यात एका संध्याकाळी भाचा अंबडहून थेट घरी आला. तिथल्या औद्योगिक वसाहतीत त्याचं आठ माणसांचं मशीन वर्कशॉप आहे. शर्टाला कूलंटचा वास, हातात प्रदर्शनाच्या स्टॉलचा फॉर्म. चहा यायच्या आतच त्यानं विषयाला हात घातला. "मामा, तीन लाख बाजूला टाकलेत. मार्केटिंगला पोरगा ठेवून स्टॉल घेऊ, की क्वालिटीला माणूस ठेवून मशीन लावणाऱ्या सेटरला ट्रेनिंगला पाठवू? दोन्ही एकदम जमणार नाही."

त्याच आठवड्यात मेहुणीचा फोन. पंचवटीत तिचा मसाले, चिवडा आणि शेवेचा धंदा, हाताखाली सहा बायका. "दाजी, पुण्या-मुंबईचे लोक माल मागतायत. ऑनलाइन उतरू का? की आधी घरचं नीट बसवू?"

धंदे वेगळे, पेच एकच. हातातला थोडा पैसा आणि त्याहून थोडा वेळ बाजाराकडे वळवायचा, की आपल्या माणसांच्या शिकण्याकडे? मी बावीस वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात होतो. छोटे व्हेंडर सांभाळणं हे माझं काम. त्यातले काही डोळ्यांदेखत वर आले, काहींची शटरं खाली आली. मेहनत कमी पडली म्हणून बंद पडलेला एकही मला आठवत नाही. म्हणून या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहतो. तुम्हीही याच पेचात असाल तर तुमचा धंदा कुठल्या वाटेला लागतो ते वाचता वाचता जोखा.

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ

भाच्याचं पहिलंच वाक्य होतं, "मार्केटवर फोकस तर आपला आहेच की. पार्टीचा फोन रात्री अकराला आला तरी उचलतो."

घोळ इथेच होतो. १९९० साली अजय कोहली आणि बर्नार्ड जॉवोर्स्की या अमेरिकेतल्या दोन प्राध्यापकांनी बाजारावर नजर असणं म्हणजे काय, ते तीन कामांत सांगितलं. बाजाराची खबर गोळा करणं, ती धंद्यातल्या सगळ्यांपर्यंत पोचवणं, आणि तिच्यावर हालचाल करणं. त्याच वर्षी जॉन नार्व्हर आणि स्टॅन्ली स्लेटर यांनी वेगळ्या बाजूनं मांडणी केली: गिऱ्हाइकाकडे लक्ष, स्पर्धकाकडे लक्ष, आणि आपल्याच घरातल्या सगळ्या खात्यांचा मेळ. रात्री अकराचा फोन यातल्या कशातच बसत नाही. तो हुकूम आहे. फोन करणाऱ्याची कंपनी पुढच्या वर्षी कुठलं मॉडेल बंद करणार, हाच पार्ट त्याला दुसरा कोण कितीला देतो, आपला पार्ट बसवताना त्याच्या माणसाला काय त्रास होतो, ही झाली खबर. भाच्याचं ऐंशी टक्के काम एकाच पार्टीचं, आणि या तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं.

'शिकणं' हा शब्दही तसाच फसवा. दोन दिवसांचं ट्रेनिंग, ग्रुप फोटो, भिंतीवर सर्टिफिकेट. सिंकुला, बेकर आणि नूर्डेवियर यांनी १९९७ साली शिकणाऱ्या धंद्याच्या तीन खुणा सांगितल्या: शिकण्यावर खर्च करायची तयारी, जुन्या समजुती तपासून बघायची मोकळीक, आणि आपण कुठे चाललोय हे सगळ्यांना ठाऊक असणं. मधली खूण सगळ्यांत अवघड. 'हे असंच करतात' असं वीस वर्षं म्हणणाऱ्या मालकासमोर बावीस वर्षांचा पोरगा 'का?' म्हणू शकतो का, यावर ती ठरते.

ख्रिस आर्गिरिस या अभ्यासकानं याचे दोन थर पाडले होते, त्याचा दाखला थर्मोस्टॅटचा. मी अंबडच्या भाषेत सांगतो. बोअर, म्हणजे पार्टमधलं भोक, मोठा येतोय, सेटर ऑफसेट मारतो, म्हणजे मशीनचं माप जरा सरकवतो, पुढचा पीस मापात येतो. हा झाला पहिला थर. पण सोमवारी सकाळीच बोअर मोठा का येतो? सुट्टीनंतर मशीन थंड असतं म्हणून, इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजला तरी कोणी बदलत नाही म्हणून, की हा जॉब मुळात या मशीनवर घ्यायलाच नको होता? हा दुसरा थर. आपल्याकडची बहुतेक वर्कशॉपं पहिल्या थरात तरबेज असतात आणि तिथेच थांबतात, कारण ऑफसेट मारायला अर्धं मिनिट लागतं आणि दुसऱ्या थराला अर्धा दिवस.

पैसा, वेळ आणि फळ

बाजाराच्या वाटेचा खर्च डोळ्यांना दिसतो. भाच्याच्या हिशोबात मार्केटिंगचा पोरगा २५ हजार महिना, म्हणजे वर्षाला तीन लाख तिथेच संपले. स्टॉल, नमुने, पेट्रोल वेगळं. शिकण्याच्या वाटेला क्वालिटीवाला १८ हजारांत मिळतो, डायल बोअर गेज एकदाच घ्यायचा, सेटरचं ट्रेनिंग थोडक्यात होतं. या वाटेचा खरा खर्च मात्र कोणी कागदावर मांडत नाही: मशीन बंद ठेवलेला वेळ. आठवड्यातून अर्धा तास आठही माणसं टेबलाभोवती बसवायची तर चार माणूस-तास गेले, आणि त्या अर्ध्या तासात बाहेर टेम्पो उभा असतो. छोट्या धंद्यात शिकणं अडतं ते बहुतेक वेळा या टेम्पोपायी.

बाजाराचं फळ लवकर मिळतं आणि शिकण्याचं उशिरा, असं सगळेच धरून चालतात. इंजिनीअरिंगच्या धंद्यात मी नेमकं उलटं पाहिलंय. नवी पार्टी म्हणजे एन्क्वायरी, कोटेशन, सॅम्पल, ऑडिट, ट्रायल लॉट. मी खुर्चीवर होतो तेव्हा नवा व्हेंडर पास व्हायला सहा महिने सहज जायचे, कधी वर्ष. उलट रिजेक्शन कमी झालं की पुढच्याच महिन्यात डेबिट नोट, म्हणजे खराब मालापोटी पार्टी कापते ती रक्कम, हलकी होते, आणि पार्टीच्या गेटवर सॉर्टिंगला पाठवलेला माणूस परत मशीनवर येतो.

खाण्याच्या धंद्यात चक्र उलटं फिरतं. दिवाळीच्या तीन आठवडे आधी अर्धा किलोऐवजी पाव किलोची पुडी काढली तर तिचा निकाल भाऊबीजेपर्यंत हातात येतो. तिथे शिकण्याचं फळ हळू मिळतं, कारण चव एकसारखी राहिली म्हणून कोणी फोन करून शाबासकी देत नाही. चव बिघडली की मात्र फोन येतात.

जानेवारी २०१६ ची बातमी

धंद्याला धक्का बसतो तेव्हा कुठली वाट उपयोगी पडते? नाशिककरांनी हे जवळून पाहिलंय.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलं की गाड्यांच्या धुराच्या नियमांत बीएस-४ नंतर बीएस-५ गाळून थेट बीएस-६, आणि तेही १ एप्रिल २०२० पासून. एप्रिल २०१९ मध्ये मारुती सुझुकीनं सांगितलं की त्याच तारखेपासून डिझेल गाड्या बंद. नाशिक म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टर-नोझलचं गाव. त्या सुट्या भागांच्या जॉबवर्कवर सातपूर-अंबडला कितीतरी घरं चालायची. चार वर्षं आधी मिळालेली ही खबर कोणाला कळली नव्हती? पेपरात होती, टपरीवर होती, आमच्या व्हेंडर मीटिंगमध्येही होती. कोहली-जॉवोर्स्कींचं पहिलं काम सगळ्यांनी केलं होतं. दुसरं थोड्यांनी केलं. तिसरं, हालचालीचं, बोटांवर मोजण्याइतक्यांनी.

एकाच गल्लीतले दोन व्हेंडर मला आठवतात. एकाकडे खबर आधी होती. माणूस हुशार, बैठका सोडायचा नाही, दिल्लीतलं काय ते मला तोच सांगायचा. पण त्याचं सगळं शॉप एकाच जातीच्या पार्टवर बसलेलं होतं. त्याच्या सेटरनी दहा वर्षांत दुसरं मटेरियल हातात धरलं नव्हतं. दुसऱ्याला राजकारण, धोरण फारसं कळायचं नाही. मात्र त्याच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी एखादा वेगळा छोटा जॉब घ्यायची पद्धत होती, तोट्यात का होईना. कधी तांबं, कधी स्टेनलेस, कधी पितळ. त्याला विचारलं तर म्हणायचा, "पोरांचा हात बसून राहतो हो साहेब." वेळ आली तेव्हा तो विजेच्या स्विचगिअरच्या पार्टकडे वळला. पहिल्याला वळायची इच्छा पुष्कळ होती, पण वळणार कशाच्या जोरावर? त्यात मार्च २०२० ला लॉकडाऊन आलं.

वेस्ली कोहेन आणि डॅनियल लेव्हिंथल यांनी १९९० साली हेच मांडलं होतं: बाहेरचं नवं ज्ञान किती पचवता येईल, ते आत आधीपासून काय साठलंय यावर ठरतं. म्हणजे बाजाराची खबर सगळ्यांना सारखीच मिळते, पचते मात्र ज्याच्या त्याच्या शिकण्याच्या सवयीप्रमाणे. भाच्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तोट्यातले जॉब घ्यायचे?" सगळे नाही. वर्षाला चार, आणि ते शिकण्याच्या खर्चात मांडायचे.

द्राक्षवाल्यांनी काय केलं

शिकणाऱ्या बाजूचा सगळ्यांत चांगला दाखला आपल्याकडे कारखान्यात नाही, मळ्यात आहे. २०१० च्या हंगामात युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनर अडकले. आपल्या बागाईतदारांच्या तोंडी या औषधाचं नाव लिहोसिन. वेलीची वाढ आवरायला ते सर्रास वापरलं जायचं. नुकसान इतकं झालं की निफाड-दिंडोरीत आजही त्या वर्षाचा विषय निघाला की आवाज बदलतो.

इथे बाजाराकडे लक्ष नव्हतं असं म्हणता येणार नाही. शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्राच्या अपेडा या संस्थेची ग्रेपनेट व्यवस्था २००६ पासून होती. बागांची नोंदणी, अंशांची तपासणी, सगळं होतं. गिऱ्हाइकानं विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तयार होती. न विचारलेला प्रश्न आडवा आला. त्यानंतर निर्यातीच्या मळ्यातून हे औषध हद्दपार झालं, पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती फवारणीची वही. कुठल्या तारखेला काय मारलं, किती मारलं, काढणी कधी. युरोपातली काही सुपरमार्केटं सरकारी मर्यादेपेक्षाही कडक अटी लावतात, एका मालात किती वेगवेगळी औषधं चालतील तेही सांगतात. या अटी पाळायच्या तर गिऱ्हाइकाची खबर आणि घरची वही एकाच टेबलावर लागते.

वाइनचा अनुभव याच्या अगदी उलट होता. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आलं आणि नाशिकभोवती वायनरी उभ्या राहिल्या. वाइन बनवायला लोक शिकले, परदेशातून जाणकार आणले. पण ती पिणार कोण, हा प्रश्न बऱ्याच जणांनी टाक्या भरल्यावर विचारला. सुला या वाइन कंपनीनं २००५ मध्ये टेस्टिंग रूम काढून लोकांना आधी चव लावली. मंदी आली तेव्हा छोट्या वायनरींपैकी कित्येकांचा माल टाकीतच राहिला. शिकणं पक्कं, बाजार कच्चा, याचं याहून स्वच्छ उदाहरण मला तरी माहीत नाही.

कोणाच्या डोक्यात, कोणाच्या नाकात

दोन वाटांतला एक फरक पुस्तकांत एका ओळीत उरकतात, छोट्या धंद्यात मात्र तोच सगळ्यांत मोठा. बाजाराचं ज्ञान मालकाच्या डोक्यात असतं. कामाचं ज्ञान कामगाराच्या हातात असतं. मालक सहसा धंदा सोडून जात नाही. सेटर जातो. चाकणला चार हजार जास्त मिळाले की पुढच्या महिन्यात जातो, आणि त्याच्याबरोबर सोमवारच्या बोअरचं उत्तरही जातं.

मेहुणीकडे हेच नाकाचं. तिचा काळा मसाला भाजणाऱ्या काकू धने वासावरून उतरवतात. वजन नाही, वेळ नाही. मागच्या पावसाळ्यात काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिने भाजणी दुसऱ्या बाईकडे गेली. मसाला काळपट झाला, थोडा कडवट. मेहुणीच्या फोनवर व्हॉइस मेसेजचा पाऊस पडला. "ताई, यंदा काहीतरी वेगळं लागतंय हो." बघा गंमत: बाजाराची खबर गोळा करण्यात ही बाई माझ्या सगळ्या व्हेंडरांच्या पुढे. गिऱ्हाईक तिला घरातल्या लग्नापासून मसाल्याच्या तिखटापर्यंत सगळं सांगतं. पण ती खबर आत पोचून तिचं काही व्हायला आत पकडायला काही नव्हतं. धने किती, किती वेळ, कोणत्या आचेवर, हे कोणी लिहिलेलंच नव्हतं.

सिंहस्थाचंही तसंच. २०१५ मध्ये पहिल्या शाहीस्नानाला, २९ ऑगस्टला, तिनं मोठी तयारी केली होती. बंदोबस्तामुळे गल्ली बंद राहिली, माणसं लांबूनच घाटावर गेली, माल पडून राहिला. पुढच्या पर्वण्यांना तिनं काहीतरी बदललं आणि थोडं भरून काढलं. काय बदललं? आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, म्हणून मी विचारलं. तिला आठवेना. "लहान पुड्या केल्या होत्या बहुतेक. नाशिकरोडला कोणाकडे तरी ठेवल्या होत्या." कोणाकडे, किती, किती विकल्या, काहीच नाही. बारा वर्षांनी एकदा येणाऱ्या गिऱ्हाइकाचा धडा बारा वर्षं डोक्यात राहील कसा?

म्हणून मी 'शिकणं' म्हणतो तेव्हा मला कोर्स दिसत नाही, वही दिसते. चारशे पानांची, दोरीनं मशीनला बांधलेली, तेलाचे डाग पडलेली. कोणी एक्सेलमध्ये ठेवा, हरकत नाही. पण आमच्या अनुभवात एक्सेल मालकाच्या लॅपटॉपमध्ये राहतं आणि वहीत हेल्परही लिहितो.

अभ्यास काय म्हणतात

थोडक्यात सांगतो, कारण यात आकड्यांपेक्षा दिशा कामाची. पेल्हॅम आणि विल्सन यांनी १९९६ साली छोट्या धंद्यांचाच अभ्यास केला. बाजारावर नजर असण्याचा कामगिरीशी संबंध त्यांना ठळकपणे दिसला. २००५ मध्ये किर्का, जयचंद्रन आणि बेअर्डन यांनी शंभराहून जास्त अभ्यास एकत्र करून पाहिले, तर हा संबंध सेवा देणाऱ्यांपेक्षा वस्तू बनवणाऱ्यांत जास्त पक्का निघाला. वर्कशॉपवाल्यांना वाटतं मार्केट हा दुकानदारांचा विषय. तसं नाही. बेकर आणि सिंकुला यांनी १९९९ मध्ये दोन्ही गोष्टी एकत्र तपासल्या. त्यांचा सूर असा की शिकायची वृत्ती नसेल तर बाजारावरची नजर गिऱ्हाइकाच्या मागे मागे धावण्यापुरतीच उरते.

यातले बहुतेक अभ्यास मालकाला किंवा मॅनेजरला एकदाच प्रश्नावली देऊन केलेले असतात हे लक्षात ठेवा. 'तुम्ही गिऱ्हाइकाचं ऐकता का?' आणि 'धंदा कसा चाललाय?' या दोन्हींची उत्तरं एकच माणूस एकाच बैठकीत देतो. माझ्या भाच्यानं पहिल्या प्रश्नाला पाचपैकी पाच दिले असते.

मग पैसे कुठे टाकायचे

माझा कौल धंद्याच्या जातीप्रमाणे बदलतो, आणि तो बहुतेकांच्या मनातल्या कौलाच्या उलट आहे.

एकाच पार्टीवर चालणाऱ्या जॉबवर्कवाल्याला वाटतं आपल्याला नवी गिऱ्हाइकं हवीत. हवीतच. पण त्याची गळती आत असते, आणि गळक्या हंड्यात नवं पाणी ओतायला पगारी माणूस ठेवणं मला पटत नाही. नव्या पार्टीचं ऑडिट आलं की पहिला प्रश्न असतो, मागच्या वर्षाच्या तक्रारी दाखवा आणि त्यावर काय केलं ते दाखवा. वही नसेल तर तिथेच चहा पिऊन लोक परत जातात. मी स्वतः गेलोय. म्हणून त्याला तीन-चार महिने वही, मग बाजार. बाजाराचं काम त्यानं पगारी पोराकडे देऊ नये, स्वतः करावं.

गिऱ्हाइकाशी रोज बोलणारा दुकानदार, खाण्याचा धंदा, येवल्याकडचा पैठणीवाला, यांना बाजार ठाऊक असतो. त्यांचा पैसा आधी मापं, पद्धती आणि नोंदींवर जावा, कारण त्यांची माहिती पिढ्यान्‌पिढ्या बोलण्यातच राहिली आहे. उलट एखादा नवा इंजिनीअर पोरगा, सगळं वाचून, मशीन घेऊन, उत्तम प्रॉडक्ट बनवून बसला असेल, तर त्यानं पुढचे सहा महिने मशीनला हात लावू नये. रस्त्यावर जावं.

सरकारी मदतीचं सांगायचं तर केंद्राच्या झेड (झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट) या दर्जा-प्रमाणपत्राच्या योजनेत प्रमाणपत्राच्या खर्चात सूक्ष्म उद्योगाला ८० टक्के आणि लघुउद्योगाला ६० टक्के सवलत ठरलेली आहे. उद्यम नोंदणी लागते. अर्ज करण्याआधी चालू नियम बघून घ्या. पण प्रमाणपत्रासाठी एका रात्रीत मागच्या तारखांच्या नोंदी लिहिणारे मी पाहिलेत. ते शिकणं नव्हे, तो गृहपाठ उतरवणं आहे. आणखी एक: वहीत एक पान पार्टीच्या पैशांसाठी ठेवा. कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांच्या आत यायला हवेत. कोण कितव्या दिवशी देतो हीसुद्धा बाजाराची खबर आहे, आणि काही गिऱ्हाइकं सोडून देण्यातच शहाणपण असतं हे त्या पानावरून कळतं.

कानस

भाच्याला मी स्टॉलचा फॉर्म बाजूला ठेवायला सांगितला आणि एक काम दिलं. "पार्टीच्या खरेदीवाल्याला भेटू नको. तो रेटच बोलणार. क्वालिटीवाल्याकडून परवानगी काढ आणि असेंब्ली लाइनवर तासभर उभा राहा. तुझा बुश कुठे जातो ते बघ."

तो गेला. लाइनवर एक पन्नाशीचा माणूस भाच्याकडचा बुश, म्हणजे नळीसारखा छोटा पार्ट, दाबून बसवत होता. त्याच्या शेजारी सुतळीला एक कानस टांगलेली. प्रत्येक बुश उचलला की आधी कानशीचे दोन हात, मग प्रेस. भाच्यानं विचारलं, हे कशाला?

"बर असतो ना साहेब, कडेला. तुमच्याच मालाला लागतं. दुसऱ्या पार्टीचा माल असाच बसतो."

बर म्हणजे धातू कापल्यावर कडेला उरणारी धारदार किनार. दोन वर्षांत एकदाही तक्रार आली नव्हती. लाइनवरचा माणूस सांभाळून घेत होता, त्यामुळे कागदावर सगळं ठीक होतं. दुसरा व्हेंडर आहे हेसुद्धा भाच्याला त्या मिनिटाला कळलं. गिऱ्हाईक आणि स्पर्धक, दोन्ही एकाच वाक्यात. या खबरेला स्टॉल लागला नाही, पगारी माणूस लागला नाही.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी त्यानं सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. टेम्पोवाल्याला थांबवून ठेवलं. सेटर म्हणाला ड्रॉइंगमध्ये चॅम्फर, म्हणजे कडेचा तिरका काप, दाखवलेला नाही, त्यामुळे आपली चूक नाही. बरोबरच होतं त्याचं. मग पार्ट धुणारा हेल्पर, वय असेल वीस, हळूच बोलला की जास्त बर असलेले पीस तो क्रेटच्या तळाला ठेवतो, म्हणजे इन्स्पेक्शनला वरचे चांगले जातात. सगळे हसले. भाचा हसला नाही. नंतर मला म्हणाला, "मामा, त्याला दीड वर्षापासून माहीत होतं. मी त्याला कधी काही विचारलंच नव्हतं."

चॅम्फरच्या टूलला काही शेकडे रुपये गेले, सायकल टाइम चार सेकंद वाढला. वहीच्या पहिल्या पानावर हीच नोंद आहे, हेल्परच्या अक्षरात. क्वालिटीला डिप्लोमा झालेली एक मुलगी घेतली. सेटर ट्रेनिंगला जाऊन आला. पार्टीनं अजून रेट वाढवलेला नाही, तो इतक्यात वाढवणारही नाही. दर महिन्याला भाचा एका वेगळ्या कारखान्याच्या लाइनवर उभा राहायची परवानगी मागतो. दोघांनी दिली, तिघांनी गेटवरूनच परत पाठवलं. स्टॉलच्या फॉर्मची मुदत जूनमध्ये संपली. पुढच्या वर्षी घेईन म्हणतो, पण वहीची बारा महिन्यांची पानं भरल्यावर.

मेहुणीला मी सांगितलं होतं की आधी सगळ्या मालाची मापं लिही, मग ऑनलाइन उतर. काकू पहिल्यांदा रुसल्या. वजनकाटा आणला म्हणजे हातावर विश्वास नाही, असं त्यांना वाटलं. मेहुणीनं त्या पानाला 'काकूंचं माप' असं नाव दिलं आणि पुढचे तीन दिवस काकू स्वतःच घड्याळ लावून बसल्या. दोन मसाल्यांची मापं झाली. बाकी नऊ राहिली आहेत. पण ती थांबली नाही. त्या दोनच मसाल्यांवर ऑनलाइन उतरली, बाकीचं मागणाऱ्यांना दिवाळीनंतर सांगते म्हणाली. मला न विचारता.